शोभेच्या बिहीचे फळ: विषारी नव्हे, आंबट

ब्रिटनमधील घरांच्या भिंतींलगत वाढणारे आणि तेथे जपोनिका या नावाने ओळखले जाणारे काटेरी झुडूप हे केनोमेलिस वंशातील, म्हणजेच शोभेच्या बिहीचे असते. पालवी फुटण्याआधीच लाल-केशरी फुलांनी लगडणाऱ्या या झुडपाला शरद ऋतूत फांदीला अगदी चिकटून, जवळजवळ देठाविना, पिवळी सुवासिक फळे धरतात. मात्र ती विषारी असल्याच्या समजुतीने अनेक घरांत सरळ कचऱ्यात जातात. ही समजूत निराधार आहे आणि कसलीही शहानिशा न करता ती पुन्हा पुन्हा सांगितली जावी, हे खेदजनक आहे. चीनच्या अधिकृत औषधिकोशात याच वंशातील एका जातीचे वाळवलेले फळ औषध म्हणून नोंदलेले आहे, लाटव्हियात जपानी बिहीची व्यापारी लागवड होऊन तिचा रस लिंबाऐवजी वापरला जातो आणि किम्मो रुम्पुनेन यांनी संपादित केलेला, स्वीडिश कृषी विज्ञान विद्यापीठाचा २००३ सालचा ग्रंथ तर या झुडपाचा विचार उत्तर युरोपातील संभाव्य फळपीक म्हणूनच करतो.

कच्चे फळ दगडासारखे कठीण, जहाल आंबट व तुरट असते आणि त्याच्या बियांत अमिग्डालिन, म्हणजे बी चिरडल्यास ज्यापासून सायनाइड सुटते असे द्रव्य असते, हे खरे. परंतु सफरचंदाच्या बियांतही तेच द्रव्य असते आणि त्यापायी सफरचंद कोणी टाकून देत नाही. बिया काढून गर साखरेसह शिजवला, की त्यातील विपुल पेक्टिनमुळे, म्हणजे फळांचा रस गोठवणाऱ्या घटकामुळे, जेली आपोआप धरते.

शोभेची बिही आणि खरी बिही एकच, हाही गैरसमज आहे. सायडोनिया वंशातील खरी बिही हे बिनकाट्यांचे झाड असून तिच्या फळावर चोळताच निघून येणारी करडी लव असते. काश्मिरात हे फळ वांग्यांसोबत शिजवतात आणि महाराष्ट्रातील काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारा बिहीदाणा म्हणजे त्याच्याच बिया.

एकच रोप पुरते, हे सायडोनियाबाबत बहुधा खरे आहे, मात्र केनोमेलिसला चांगली फळधारणा व्हावी यासाठी जवळ दुसऱ्या वाणाचे रोप असावे लागते. फळ झाडावर मऊ होईल म्हणून वाट पाहणे व्यर्थ, कारण पिवळे व सुवासिक झाले तरी ते कठीणच राहते. छाटणी हिवाळ्यात करावी, हा सल्ला तर सर्वाधिक नुकसान करतो: फुले जुन्या फांद्यांवर येत असल्याने त्या कापल्या की पुढील वसंतातला फुलोरा आणि फळे दोन्ही जातात, म्हणून छाटणी फुले सरताच उरकावी.