दोन मिलिमीटरची वाट

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाचा परिचय लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा साहित्य भरपूर मिळणार याची खात्री होती. डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी 14 फेब्रुवारी 1852 रोजी दहा खाटांवर सुरू केलेलं हे लहान मुलांचं रुग्णालय. पैशांची चणचण होती तेव्हा चार्ल्स डिकन्स त्याच्या मदतीला उभे राहिले. जे. एम. बॅरी यांनी 1929 साली ‘पीटर पॅन’चे हक्कच रुग्णालयाला देऊन टाकले. हा इतिहास देखणा आहे आणि पुष्कळांनी लिहिलेला आहे. तो चाळताना एका शस्त्रक्रियेचं वर्णन समोर आलं आणि मी तिथेच थांबले. जन्मतःच श्वासनलिका अरुंद असलेल्या बाळांवर करतात ती ही शस्त्रक्रिया. तिचं नाव स्लाइड ट्रेकिओप्लास्टी.

नवजात बाळाची श्वासनलिका साधारण चार सेंटिमीटर लांब आणि चार-पाच मिलिमीटर रुंद असते. कूर्चेच्या सोळा ते वीस कड्या तिला उघडी धरून ठेवतात. या कड्या मागच्या बाजूला जुळलेल्या नसतात, तिथे स्नायूचा मऊ पडदा असतो. काही थोड्या बाळांमध्ये मात्र त्या मागेही जुळून पूर्ण गोल होतात. पडद्याला जागाच उरत नाही आणि नळी आवळलेली राहते, कधी दोन मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. कँट्रेल आणि गिल्ड या डॉक्टरांनी 1964 साली या दोषाचे तीन प्रकार सांगितले: सबंध नळी अरुंद, खाली जाताना निमुळती होत गेलेली, आणि एखाद्याच तुकड्यात आवळलेली. यातल्या अनेक बाळांची डावी फुफ्फुसधमनीही वाट चुकलेली असते. ती उजव्या धमनीतून निघते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधून वळसा घालून डावीकडे जाते.

नळीचा व्यास निम्मा झाला की संथ वाहणाऱ्या हवेलाही सोळापट अडथळा होतो. प्रवाहात खळबळ असली तर त्याहून जास्त. दोन मिलिमीटरच्या वाटेत सर्दीनं चहूबाजूंनी अर्धा मिलिमीटर सूज आली, तर उरते एक मिलिमीटर. म्हणून शांत झोपलेलं बाळ ठीक दिसतं आणि रडलं की निळं पडतं. दूध ओढताना त्याला धाप लागते. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा घरघर ऐकू येते. पुष्कळदा आधी दम्याचं किंवा छातीत कफ झाल्याचं निदान होतं आणि वाफा देणं सुरू होतं.

बाळ अत्यवस्थ झालं की व्हेंटिलेटरसाठी घशातून नळी घालायची असते. पण अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वापरतात त्या 2.5 क्रमांकाच्या नळीचाही बाहेरचा व्यास साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असतो. ती अडते. गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट काढावी, तर अडथळा त्या भोकाच्याही खाली, छातीत असतो. आणीबाणीचे नेहमीचे दोन्ही मार्ग बंद होतात. काही बाळांचं रक्त मग शरीराबाहेर ऑक्सिजन देणाऱ्या एक्मो यंत्रातून फिरवून त्यांना शस्त्रक्रियेपर्यंत जिवंत ठेवावं लागतं.

यावर उपाय शोधणाऱ्यांनी आधी ठिगळाचा विचार केला. नळी समोरून उभी चिरायची, फाकवायची आणि मधल्या फटीत दुसरीकडची ऊती बसवायची. जपानमध्ये किमुरा यांनी 1982 साली बरगडीची कूर्चा वापरली. शिकागोत इद्रिस यांनी 1984 साली हृदयावरचं आवरण वापरलं. मृत दात्याच्या श्वासनलिकेचे तुकडेही लावून पाहिले गेले. बाळं वाचू लागली, पण ठिगळाच्या आतल्या बाजूला नळीचं मूळ अस्तर नसे. तिथे मांस वाढून वाट पुन्हा बुजे, नाही तर मऊ ठिगळ श्वासासरशी आत ओढलं जाई. आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटर लागे.

1989 साली लंडनच्याच ब्रॉम्प्टन रुग्णालयातून त्सांग, गोल्डस्ट्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात बाहेरचं काहीही आणलेलं नव्हतं. अरुंद भाग मधोमध आडवा कापायचा. वरचा तुकडा मागच्या बाजूनं उभा चिरायचा, खालचा पुढच्या बाजूनं. मग दोन्ही तुकडे एकमेकांवर सरकवायचे आणि कडा शिवून टाकायच्या. अरुंद भागाची लांबी निम्मी होते, परीघ दुप्पट होतो, आतली जागा चौपट होते. जो अडथळा सोळापट वाढला होता, तो हिशेबानं सोळा पटींनीच उतरतो.

कोकणात हापूसचं कलम बांधणारा माळी खुंट आणि काडी आडवी छाटून टोकाला टोक लावत नाही. तो दोन्हींना लांब तिरपा काप देतो, म्हणजे जिवंत सालीला जिवंत साल दूरवर भिडते आणि सांधा धरतो. इथेही शिवण अशीच तिरपी आणि लांब येते. एका पातळीवर गोल टाके पडले असते, तर भरून येताना ते आवळले असते. शिवाय श्वासनलिकेला रक्त दोन्ही बाजूंनी मिळतं, आणि इथे चिरा पडतात त्या पुढे-मागे. त्यामुळे बाजू शाबूत राहतात, सांध्याला रक्त मिळत राहतं. जे सदोष, त्याच्यातूनच दुरुस्ती करायची, ही कल्पना मला फार मोठी वाटते. बॉस्टनमध्ये हर्मीस ग्रिलो यांनी 1994 साली आपले अनुभव मांडले आणि ही पद्धत सर्वदूर गेली. अशी शिवलेली नळी वाढत्या वयाबरोबर वाढते का, हा आईबापांच्या मनातला पहिला प्रश्न. ती वाढते, असं 1997 साली प्राण्यांवरच्या प्रयोगांनी दाखवलं.

1989च्या लेखावर पहिलं नाव असलेले व्हिक्टर त्सांग पुढे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटमध्ये हृदयशल्यचिकित्सक झाले. तिथे मार्टिन एलियट यांनी या मुलांसाठी सबंध देशाची एक सेवा बांधली. छाती मधोमध उघडतात, रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर घेतात. वाट चुकलेली धमनी असेल तर ती सोडवून योग्य जागी जोडतात. बाहेरून नळी कुठे आवळली आहे ते नीट कळत नाही, म्हणून एक डॉक्टर घशातून दुर्बीण घालून आत पाहत असतो. शल्यचिकित्सक बाहेरून बारीक सुई टोचतो, आतला डॉक्टर सांगतो, इथून सुरू, इथे संपलं. मगच काप. विरघळणाऱ्या धाग्याचे टाके घालतात आणि गाठी नळीच्या बाहेर ठेवतात.

बाळ शस्त्रक्रियागृहातून आयसीयूत नेण्याचा टप्पाही तितकाच नाजूक असतो. तारा, नळ्या, औषधांचे पंप, आणि सगळे एकदम बोलणारे. एलियट आणि आयसीयूतले ॲलन गोल्डमन यांना टीव्हीवरची फॉर्म्युला वन शर्यत पाहताना सुचलं, की चाकं बदलणाऱ्या पथकाकडून आपण शिकायला हवं. ते फेरारीच्या माणसांना भेटले. मग हृदयशस्त्रक्रियेच्या मुलांसाठी क्रम ठरला: आधी यंत्रं जोडायची, तोवर कुणी बोलायचं नाही, नंतर माहिती द्यायची, शेवटी चर्चा. कुणी काय करायचं हे ठरलेलं, आणि हस्तांतर पुरं होईपर्यंत सूत्रं भूलतज्ज्ञाकडे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दर हस्तांतरामागे तांत्रिक चुका सरासरी 5.42 वरून 3.15 वर आल्या आणि सांगायची राहून गेलेली माहिती 2.09 वरून 1.07 वर. आपल्या चुका दशांशापर्यंत मोजून जगापुढे ठेवणाऱ्या या माणसांबद्दल मला शल्यकौशल्याइतकाच आदर वाटतो.

त्याच शिस्तीनं 2014 साली त्यांनी स्लाइड ट्रेकिओप्लास्टी झालेल्या, 17 वर्षांतल्या 101 मुलांचा हिशेब मांडला. सुमारे 12 टक्के मुलं गेली. साधारण पाचातल्या एकाला पुढे नळी उघडी ठेवायला स्टेंट लागला. आवळलेपणा फुफ्फुसांकडे जाणाऱ्या फाट्यांपर्यंत पोचला असेल किंवा नळीची भिंतच लेची असेल, तर धोका वाढतो. हे आकडे विसाव्या शतकातल्या हताशपणापुढे मोठी झेप आहेत. पण आठातलं एक बाळ वाचलं नाही, हेही त्यांतच आहे.

घरी गेलेल्यांचं काम संपत नाही. शिवणीवर मांस वाढतं. कधी सांधा दोन्ही बाजूंनी आत दबतो आणि मधली वाट इंग्रजी आठच्या आकड्याची होते. स्वरयंत्राच्या नसेला इजा झाली तर आवाज बसतो, दूध चुकून फुफ्फुसात जातं. म्हणून पुन्हा भूल, पुन्हा दुर्बीण, कधी फुगा घालून नळी रुंदावणं. हे वर्षानुवर्षं चालतं. मूल तरुण झालं, की त्याची नळी ओळखणारा प्रौढांचा डॉक्टर शोधावा लागतो.

ज्यांच्या नळीत शिवण्याजोगं काही उरलंच नाही, त्यांचं काय, हा सगळ्यात कठीण प्रश्न. 2010 साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटमध्ये एका शाळकरी मुलाला दात्याची श्वासनलिका बसवली. तिच्यातल्या पेशी धुऊन काढून तिच्यावर मुलाच्याच मूळपेशी सोडल्या होत्या. त्याला पुढे स्टेंटही लागला. दोन वर्षांनी आणि चार वर्षांनी त्याची प्रकृती कशी आहे, हे डॉक्टरांनी छापून सांगितलं. या प्रयोगातले एक सहकारी होते पाओलो मॅकियारिनी. शिवलेली श्वासनलिका वाढते, हे 1997 साली प्राण्यांत दाखवणाऱ्या अभ्यासावर पहिलं नावही त्यांचंच. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत मात्र त्यांनी माणसांना प्लास्टिकच्या श्वासनलिका बसवल्या, आणि निकाल प्रत्यक्षापेक्षा उजळ रंगवले. तिथे ज्या तिघांवर ही शस्त्रक्रिया झाली, ते तिघेही पुढे दगावले. 2023 साली स्वीडनच्या अपील न्यायालयानं मॅकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. एकाच क्षेत्रातले हे दोन रस्ते. एकावर प्रत्येक मुलाची, गेलेल्यांचीही नोंद आहे. दुसऱ्यावर चमत्काराची घाई होती, आणि तिची किंमत रुग्णांनी मोजली.

हा दोष इतका विरळा आहे, की गावोगावच्या शल्यचिकित्सकांचा वर्षातून एखादं बाळ हाताळून हात बसत नाही. बाळं मोजक्या ठिकाणी एकत्र आणली तरच शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, दुर्बीण धरणारा आणि परिचारिका हे सारे मिळून तरबेज होतात. आपल्याकडेही हेच व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात, वाफा देऊनही दोन्ही श्वासांची घरघर न थांबणारं बाळ आलं, तर त्याला कुठे पाठवायचं हे तिथल्या डॉक्टरला ठाऊक असावं. पाठवलेल्या प्रत्येक बाळाचं पुढे काय झालं, ते एका वहीत, खाडाखोड न करता लिहिलेलं असावं. शिवणीचं तंत्र शिकवता येतं, यंत्र विकत आणता येतं. ही वही मात्र रोज कुणीतरी प्रामाणिकपणे भरावी लागते, आणि आजारी बाळ घेऊन आलेल्या आईला धीर देण्याचा अधिकार डॉक्टरांना तिच्यामुळेच मिळतो.