वजीर नको, हत्ती

दर रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर सहा-सात मुलं बुद्धिबळाला जमतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हे सुरू केलं, पण ओसरी खरी भरली ती २८ जुलै २०२५ नंतर. त्या दिवशी जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. आमच्या यवतमाळहून नागपूर एसटीनं गाठता येतं, हे मुलांच्या मनात पक्कं बसलं.

प्रत्येकाला सुरुवातीच्या चाली पाठ करायच्या असतात. मी शेवटापासून शिकवते. पटावर चारच मोहरी उरली की नऊ वर्षांचं पोरही डाव शेवटपर्यंत मनात मोजू शकतं.

मागच्या रविवारी मी एक जुनं कोडं मांडलं. पांढरा राजा बी-६ वर, त्याचं प्यादं सी-६ वर. काळा राजा कोपऱ्यात ए-१ वर, हत्ती डी-५ वर. चाल पांढऱ्याची.

‘‘मॅडम, प्यादं पुढं नेतो, वजीर करतो. मंग काय रायलं?’’ एक मुलगा म्हणाला.

राहिलं बरंच होतं. प्यादं सी-७ वर गेलं की हत्ती डी-६ वरून शह देतो. राजा बी-५ वर उतरतो, पुन्हा शह. बी-४, शह. बी-३, शह. राजानं बी च्या उभ्या ओळीतूनच खाली यायचं. चुकून सी-५ वर पाऊल पडलं तर हत्ती थेट डी-१ गाठतो. प्याद्याचा वजीर होताच सी-१ वरून शह देतो, राजा बाजूला सरला की मागचा वजीर खातो. म्हणून बी-३ वरून राजा सी-२ वर येतो आणि हत्तीवरच चालून जातो. आता शह संपले. हत्ती डी-४ वर सरकतो.

मुलानं डब्यातून वजीर काढून सी-८ वर ठेवला. मी हत्ती सी-४ वर आणून शह दिला. त्यानं वजिरानं तो खाल्ला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘आता काळ्या राजाला चाल दाखव,’’ मी म्हटलं.

चाल नव्हती. शह नाही आणि जायला घरही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. याला जिच म्हणतात. वाटाघाटीत जिच निर्माण झाल्याचं आपण पेपरात वाचतो, तो शब्द पटावरूनच गेलेला.

१८९५ मध्ये ग्लासगोच्या एका साप्ताहिकात जॉर्ज बार्बिएनं प्यादं सी-७ वर पोचल्यानंतरची ही स्थिती काळा बरोबरी साधतो म्हणूनच छापली होती. तिथं राहणाऱ्या फर्नांडो साव्हेद्रा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूनं ती पुन्हा तपासली आणि एक चाल शोधली. त्या एका चालीमुळे त्याचं नाव आजही घेतलं जातं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. सगळ्यांनी हिशेब मिटवला होता, तरी तो पटापाशी बसून राहिला.

माझे आजोबा देशी पद्धतीनं खेळत. त्या खेळात प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरी पोचेल तेच होई. सी-८ वर उंट. निवड करायची मुभाच नव्हती. आजच्या नियमात ती आहे, आणि या कोड्याचं सारं मर्म त्या मुभेत आहे.

मुलगा बराच वेळ गप्प होता. वजीर हातात, नजर डब्यात. मग त्यानं वजीर परत ठेवला आणि हत्ती उचलला.

‘‘काहून?’’ मी विचारलं.

‘‘हत्तीनं खाल्लं तर त्याच्या राजाले ए-२ चं घर मोकळं राह्यते. जिच होत नाही.’’

शिवाय ए-८ वरून मात होण्याची धमकी उभी राहते. काळ्याला ती ए-४ वर हत्ती आणूनच थोपवता येते. मी तो तिथं ठेवला. मुलानं राजावर बोट टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं, आणि राजा बी-३ वर सरकवला. एकाच चालीत ए-४ वरच्या हत्तीवर हल्ला आणि सी-१ वरून मात. दोन्ही वाचवता येत नाहीत.

बाकीची मुलं तोवर पटावर वाकली होती. त्यानं सगळी मोहरी उचलली, पुन्हा पहिल्यासारखी मांडली आणि शेजारच्या मुलीला म्हणाला, ‘‘तू कर. वजीर डब्यातच राहू दे म्हणणार नाही मी.’’