काउंटरमागची चौकट

देवळाली प्रवरात काय किंवा राहुरीत काय, खासगी हॉस्पिटलात पेशंट दाखल करताना काउंटरमागे चौकटीत लावलेलं नोंदणीचं प्रमाणपत्र दिसायला हवं. ते दर्शनी भागी लावणं 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. (शुश्रूषागृह, म्हणजेच नर्सिंग होम, हा खाटांची सोय असलेला दवाखाना.) महापालिकेच्या हद्दीत नोंदणी महापालिका करते, देवळालीसारख्या नगरपरिषदेच्या गावासाठी नगरला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जावं लागतं. जैविक कचरा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, सोनोग्राफीला वेगळा कायदा, आगीसाठी 2006 चा आणखी एक. आत शिरून दप्तर तपासायचा आणि नोंदणी रद्द करायचाही अधिकार 1949 च्या कायद्यात आहे. एवढं सगळं असून तपासणीला कोण आलं, त्याने काय लिहून नेलं, हे मात्र पेशंटच्या नातेवाइकाला त्या भिंतीवर वाचायला मिळत नाही. माझ्या मते सगळी व्यवस्था लंगडी पडते ती इथेच.

सांगली जिल्ह्यातलं म्हैसाळ आठवावं. मार्च 2017 मध्ये तिथे ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. गावातल्या ज्या हॉस्पिटलशी हे प्रकरण जोडलं गेलं, त्याबद्दल आदल्याच वर्षी निनावी तक्रार आली होती, पथक पाहून गेलं होतं, आणि त्याला वावगं काही दिसलं नव्हतं. तो अहवाल तेव्हाच गावात लागला असता, तर ‘काय पाहिलंत?’ असं विचारणारा एखादा तरी निघाला असता. दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. 6 नोव्हेंबर 2021 रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागून किमान 11 रुग्ण दगावले. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहीजण निलंबित झाले. खासगी हॉस्पिटलांवर देखरेख ठेवायची तीही याच पदाने. शिवाय सरकारी रुग्णालयांना 1949 चा कायदा लागूच नाही! देखरेख करणाऱ्यावर देखरेख कुणाची, हा प्रश्न त्या दिवशी फार महागात विचारला गेला.

डॉक्टर म्हणतील, नियम आणखी आवळले तर दहा खाटांचं हॉस्पिटल चालवणं परवडणार नाही, आणि अडलेल्या बाळंतिणीला रात्री थेट नगर गाठावं लागेल. यात तथ्य आहे. म्हणून निकष खाटांच्या संख्येप्रमाणे कमी-जास्त असावेत, त्रुटी दुरुस्त करायला मुदतही द्यावी. दुसरा आक्षेप चिरीमिरीचा: तपासण्या वाढल्या की पाकिटं वाढतात. पण पाकीट फावतं ते शेरा फायलीत दडवता येतो म्हणून; तोच शेरा दारावर लागला की सौदा अवघड होतो. इंग्लंडमध्ये एप्रिल 2015 पासून तपासणीत मिळालेला दर्जा संस्थेला दर्शनी भागी लावावाच लागतो, मग तो कितीही वाईट असो. आपल्याकडे जानेवारी 2021 च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायला सांगितली, नोंदणी करणाऱ्या यंत्रणेला तक्रार निवारण कक्षही उघडायला लावला. पाऊल चांगलं आहे. पण खाटेचं भाडं कळूनही पेशंटला ऑक्सिजनची लाइन शेवटची कधी तपासली हे कळत नाही, आणि सनदेशेजारी तपासणीची तारीख, त्रुटी, दुरुस्तीची मुदत एवढ्या तीन ओळींचा कागद डकवायला नवा कायदा किंवा मोठा खर्च लागेल असंही दिसत नाही. त्या कागदाची सुरुवात सरकारी रुग्णालयाच्या दारापासून करावी.