चाळीस डॉलरचा कॅमेरा आणि कक्षेतून माणसाने टिपलेली पहिली अमेरिकी छायाचित्रे

२० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी ‘फ्रेंडशिप ७’ या मर्क्युरी यानातून पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या. कक्षेत पोचलेले ते पहिले अमेरिकी. केप कॅनाव्हेरलहून उड्डाण केल्यापासून अटलांटिक महासागरात उतरेपर्यंत ४ तास ५५ मिनिटे लागली. त्याआधी, एप्रिल १९६१ मध्ये, युरी गागारिन कक्षेत जाऊन आले होते. पण त्यांच्या हाती कॅमेरा नव्हता. ऑगस्टमध्ये गेरमान तितोव यांनी ‘व्होस्तोक २’मधून चित्रफितीच्या कॅमेऱ्याने पृथ्वी टिपली.

ग्लेन यांच्या उड्डाणाच्या वेळी नासाला काळजी होती ती यानाची आणि माणसाच्या शरीराची. छायाचित्रणाला फारसे महत्त्व नव्हते. कॅमेरा हवा हा आग्रह ग्लेन यांचाच, आणि तो त्यांनी आणला कोको बीच येथील एका दुकानातून, सुमारे ४० डॉलरना. ‘अ‍ॅन्स्को ऑटोसेट’ हा ३५ मिलिमीटरचा साधा कॅमेरा जपानच्या मिनोल्टाने बनवलेला होता. प्रकाशाचे माप तो स्वतःच घेत असे आणि हाच त्याचा मोठा गुण, कारण जाड हातमोजे घालून बारीक कडी फिरवत बसणे शक्य नव्हते. तंत्रज्ञांनी तो उलटा केला, खाली पिस्तुलासारखी मूठ आणि चाप बसवला आणि शिरस्त्राण घातलेल्या माणसाला नेम धरता येईल असा दर्शक वर जोडला. अतिनील किरणांतील नोंदींसाठी वेगळा लायका कॅमेराही सोबत होता.

अ‍ॅन्स्कोच्या फिल्मवरचे सूर्यास्त आजही थांबून पाहावेत असे आहेत. खाली काळोखात बुडालेली पृथ्वी, तिच्या कडेला नारिंगी पट्टा आणि त्यावर निळ्या रंगाची बारीक रेघ. वातावरण किती पातळ आहे ते या रेघेवरून एका दृष्टीत कळते. सुमारे ८८ मिनिटांची एक प्रदक्षिणा असल्याने सूर्यही झपाट्याने मावळत असे. रंग टिपायला मोजकाच वेळ मिळे. मध्येच दुसरे काम आले की ग्लेन कॅमेरा सरळ हवेत सोडून देत आणि काम आटोपले की तो तिथूनच पुन्हा उचलत. खुद्द ग्लेन यांचा शिरस्त्राणातला चेहरा मात्र कक्षातल्या चित्रफितीच्या कॅमेऱ्याने नोंदवला. वर्तमानपत्रांतून गाजलेला चेहरा हा असला, तरी छायाचित्रणाच्या इतिहासात मोल जास्त आहे ते खिडकीबाहेरच्या चित्रांचे.

या चित्रांतील बारकावे ३५ मिलिमीटरच्या छोट्या चौकटीमुळे मर्यादित राहिले. ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉली शिरा यांनी ‘सिग्मा ७’वर हॅसलब्लाड नेला आणि मोठ्या फिल्मचा काळ सुरू झाला. पुढच्या मे महिन्यात गॉर्डन कूपर यांनी २२ प्रदक्षिणांच्या उड्डाणात हिमालय आणि तिबेटच्या पठाराची इतकी स्वच्छ चित्रे घेतली, की भूरचना अभ्यासण्यासाठीही त्यांचा विचार होऊ लागला. जेमिनी मोहिमांमध्ये तर भूभागाचे छायाचित्रण हा ठरवून केलेला प्रयोगच झाला.