कार्ल्याचा दाता आणि लोणावळ्याची प्रयोगशाळा

धर्माच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास म्हटला की लोक दोनच तर्क बांधतात: हा माणूस अध्यात्माच्या नादी लागला, नाहीतर देवधर्म मोडीत काढायला निघाला. कीर्तन-प्रवचनात श्रद्धा जोपासली जाते आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या सभेत ती धारेवर धरली जाते, मग तिसरे काय उरते, असा त्यामागचा हिशेब. उरते ते बरेच. धर्म जे सांगतो त्यात नेमका दावा कोणता, तो कशाने टिकतो किंवा पडतो, आणि आणलेला पुरावा त्या दाव्याला लागू तरी होतो का, हे पाहणे म्हणजे हा अभ्यास. त्याचा चांगला नमुना मावळातच आहे.

स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था काढली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली करताना साधक पोटाचे स्नायू मधोमध उभे करतो तेव्हा मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. बस्ती या आतडे धुण्याच्या योगक्रियेत पाणी आपोआप वर का ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदास महाराजांचे, नाव दिले; इतका हा निष्ठावंत शिष्य. पण प्राणायामाने शरीराला जादा प्राणवायू मिळतो ही योगप्रेमींची लाडकी समजूत त्यांनी तपासायला घेतली, तेव्हा आकडे तिच्या बाजूने पडले नाहीत आणि त्यांनी ते दडवलेही नाहीत. (आजही ती समजूत सकाळच्या योगवर्गांत सुखाने नांदते, ही गोष्ट वेगळी.) श्रद्धा असली की चिकित्सा संपते, हा गैरसमज इथेच निकालात निघतो.

त्याची उलट बाजूही तितकीच फसवी आहे. आतड्यातला दाब मोजला म्हणून पतंजलींचे तत्त्वज्ञान ‘विज्ञानाने सिद्ध’ होत नाही. पुरुष, म्हणजे चैतन्य, हा प्रकृतीहून वेगळा आहे आणि ते वेगळेपण कळणे म्हणजे कैवल्य, हा दावा कोणत्याही नळीच्या टोकाला सापडणार नाही. तो सापडला नाही म्हणून खोटाही ठरत नाही. कैवल्यधामात शरीरशास्त्रीय प्रयोगांबरोबर ग्रंथांचा आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यासही चालत आला आहे, तो याचसाठी. यावर साधक म्हणेल, अनुभव घ्या, वाद कशाला? पण अनुभव आला हे मान्य केले तरी तो कशाचा, हा प्रश्न शिल्लक राहतो. ध्यानाच्या खोल अवस्थेतून बाहेर आलेला अद्वैती म्हणतो सारे एकच आहे, सांख्य म्हणतो दोन तत्त्वे वेगळी झाली, बौद्ध म्हणतो आत्मा असा काही हाती लागलाच नाही. तिघेही प्रामाणिक असू शकतात. पण तिघांचे अर्थ एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. तिथे युक्तिवादाला पर्याय नाही. प्रयोगाने तपासता येत नाही ते टाकून द्या, असे म्हणणाऱ्या बुद्धिवाद्यालाही हेच विचारावे लागते की हा त्याचा नियम कोणत्या प्रयोगाने तपासला.

सगळ्यात रुजलेला गैरसमज असा, की हा सारा विषय म्हणजे ईश्वर आहे की नाही याचा वाद. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके पुष्कळदा तिथूनच सुरुवात करतात, म्हणून तो पसरला. आपल्याकडे उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीचे युक्तिवाद मांडले हे खरे, पण वेदांचे कट्टर कैवारी असलेले कुमारिल भट्ट जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत. कार्ले, भाजे, बेडशाच्या लेण्यांत राहिलेल्या भिक्षूंचा धर्मही अशा ईश्वरावाचून उभा होता. कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक लेख तर एका माणसाचा धर्म एकच, या आपल्या गृहीतकालाही हादरा देतो. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे 1900 वर्षांपूर्वी वलूरकाच्या, म्हणजे इथल्याच, लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. त्याच लेखात त्याची ओळख काय आहे? तीन लाख गाई देणारा, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे देणारा, प्रभासतीर्थी ब्राह्मणांची लग्ने लावून देणारा. आता हा ‘कोणत्या धर्माचा’? जनगणनेच्या अर्जात एका माणसापुढे एकच रकाना असतो. उषवदाताला तो भरता आला नसता. कोणी म्हणेल, ही राजकारण्याची चतुराई होती. असेलही; पण अशी चतुराई फळते ती लोकांना त्यात विसंगती वाटत नसेल तरच.

आणि धर्माची अशी चिकित्सा हे बाहेरून आणलेले खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी लोणावळ्याच्याच धर्मनिर्णय मंडळाकडे पाहावे. त्याचे धुरीण रघुनाथशास्त्री कोकजे हे पारंपरिक पद्धतीने तयार झालेले तर्क-सांख्याचे पंडित. धर्म काळानुसार बदलला पाहिजे, हे त्यांनी शास्त्रांच्या आधारानेच मांडले.

सामान्य माणसाला याचा उपयोग काय, हा आक्षेप उरतो. चैत्यगृहाच्या अगदी शेजारी एकवीरेचे देऊळ आहे. आगरी-कोळी समाजाची माणसे नवस फेडायला पायऱ्या चढून येतात. ‘आई नवसाला पावते’ या एका वाक्यात निदान तीन गोष्टी आहेत. नवसानंतर इच्छा पुरी झाली, ही घटना. तिची शहानिशा करता येते. नवसामुळे पुरी झाली, हा कार्यकारणाचा दावा. त्यासाठी न फळलेले नवसही मोजायला हवेत, आणि ते कोणी मोजत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मिळालेल्या सुखाबद्दल कोणाचे तरी ऋण मान्य करणे. ती खरी-खोटी ठरवायची बाब नाही. योग्य की अयोग्य असे मात्र विचारता येते. सश्रद्ध माणूस पहिलीच्या जोरावर दुसरी सिद्ध झाली असे धरतो आणि टीकाकार दुसरीबरोबर तिसरीही फेकून देतो.