तिवशाचा कांचन

वऱ्हाडच्या उन्हात नाजूक फुलांचे झाड तगत नाही, अशी पुष्कळांची तक्रार असते. आमच्या अंगणातील कांचनाचा अनुभव निराळा आहे.

वाल्मीकिरामायणात भरताच्या ध्वजावर वर्णिलेला कोविदार याच कुळातला. 2025 साली अयोध्येच्या राममंदिरावरील ध्वजावरही तो आला.

ज्येष्ठात याचे बी रात्रभर भिजवून पेरावे. आमची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून रोपाच्या खड्ड्यात मुरूम व शेणखत मिसळावे. पहिले दोन-तीन उन्हाळे बुडाशी पालापाचोळा पसरून नियमित पाणी घालावे. पुढे झाड उन्हास दाद देत नाही.

जांभळा कांचन शरदात फुलतो, आणि नेमका त्याच सुमारास दसरा येतो! एका वर्षी नातवंडांनी आपटा समजून आमच्या कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या. आम्हीही कौतुकाने पाहत राहिलो. त्या कार्तिकात एकही फूल दिसले नाही. आपट्याचे पान लहान व लांबीहून रुंद, कांचनाचे मोठे, एवढेही आम्ही त्यांस कधी शिकविले नव्हते!

आता दसऱ्यास आम्ही शेजाऱ्यांस कांचनाचे एकेक रोपच देतो. सोने लुटावे, त्यापेक्षा ते लावावे हे बरे.