विद्यार्थ्यासाठीं लॅपटॉप कसा निवडावा?

सांगलीच्या बाजारांत हळद घेणारा जाणता व्यापारी पोत्यावरील छाप पाहून भाव बोलत नाहीं. तो हळकुंड मोडतो आणि आंतील रंग पाहतो. आज ज्या वस्तूविषयीं मी आपल्याशीं बोलणार आहें, ती घेतांना मात्र आपल्यापैकीं पुष्कळ जण नुसत्या छापावरच पैसे मोजतात. ती वस्तु म्हणजे महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींचा लॅपटॉप.

साताऱ्याचें छत्रपति शिवाजी महाविद्यालय असो, सांगलीचें विलिंग्डन असो कीं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय असो, प्रवेशाच्या दिवसांत घरोघर एकच वाद ऐकूं येतो. मुलगा म्हणतो, "बाबा, अभ्यास तर होईलच, पण थोडे खेळहि चालले पाहिजेत." वडील म्हणतात, "पैसे अभ्यासासाठीं आहेत, खेळासाठीं नाहींत." दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें रास्त आहे; आणि सुदैव असें कीं, थोडी माहिती करून घेतल्यास एकाच यंत्रांत दोघांचेंहि समाधान होऊं शकतें.

निवडीचें सूत्र सोपें आहे. यंत्राचीं जीं अंगें मागाहून बदलतां येत नाहींत, त्यांवर आधीं पैसा खर्च करावा. जीं बदलतां येतात, त्यांच्याबाबत आज हात आखडता घेतला तरी चालेल.

न बदलणाऱ्या अंगांत पहिला प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू. 'आय-फाइव्ह' हें नांव ऐकतांच आपणांस यंत्र उत्तम वाटूं लागतें. परंतु तें केवळ आडनांव झालें; पिढी कोणती, हें त्यापुढील आंकड्यांवरून कळतें. दहा वर्षांपूर्वींच्या आय-फाइव्हला आजचा आय-थ्री सहज मागें टाकतो. रायझेन ७५२०यू आणि रायझेन ७५३०यू हीं नांवें जुळ्या भावांचीं वाटतात. पण त्यांतील तिसरा आंकडा रचनेची पिढी सांगतो, आणि पहिल्याची मूळ रचना २०१९ सालची आहे. म्हणून दुकानदाराकडून पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि मगच किंमत विचारावी.

दुसरें अंग पडदा व कळफलक. मुलाचे डोळे आणि बोटें पुढचीं चार वर्षें यांवरच खपणार आहेत. पडदा फुल एच. डी., म्हणजे १९२० गुणिलें १०८० बिंदूंचा असावा, आणि बाजूनें पाहिल्यास त्यावरील रंग पालटूं नयेत. दुकानांत उभ्या उभ्या एक परिच्छेद टंकून पाहण्यास कोणी मनाई करीत नाहीं.

आतां रॅम आणि एस. एस. डी. अभ्यासाचें टेबल म्हणजे रॅम व पुस्तकांचें कपाट म्हणजे एस. एस. डी., असें समजा. टेबल लहान असलें कीं दर वेळीं उठून कपाटाकडे जावें लागतें आणि काम रखडतें. आज १६ जी. बी. रॅम व ५१२ जी. बी. एस. एस. डी. हें प्रमाण विद्यार्थ्यास पुरेसें आहे. पैसे कमी असल्यास ८ जी. बी. घेऊन पुढें भर घालतां येते. परंतु हें रॅमसाठीं मोकळी खांच असेल तरच! कित्येक सडपातळ यंत्रांत रॅम मुख्य पाटीला कायमची जोडलेली असते. तशा यंत्रांत आजची काटकसर चार वर्षें भोंवते.

खेळांचा प्रश्न येथेंच सुटतो. बुद्धिबळ, माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट यांसारख्या खेळांस स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागत नाहीं. चालू पिढीच्या चांगल्या प्रोसेसरमध्यें अंगभूत असलेली चित्रशक्ति पुरते. मात्र ही चित्रशक्ति रॅममधूनच जागा उसनी घेते. रॅम एकाच तुकड्याची असेल तर माहितीस एकच वाट मिळते. दोन तुकडे असतील तर दोन वाटा होतात, आणि तोच खेळ अधिक सुरळीत चालतो. मोठे, नवे खेळ अशा यंत्रावर चालणार नाहींत, हें मुलास आधींच मोकळेपणीं सांगावें.

स्वतंत्र कार्डाचें मोल केवळ रुपयांत नसतें. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं "सर्वांत दमदार असेल तो द्या" असें सांगून मुलीसाठीं हप्त्यांवर यंत्र घेतलें. चार्जरसह वजन तीन किलोच्या घरांत, आणि बॅटरी दोन तासांत मान टाकणारी. मुलगी कोरेगांवाहून एस. टी.नें रोज साताऱ्यास जाई. दिवाळीपर्यंत यंत्र घरच्या टेबलावरच राहूं लागलें, आणि वर्गांतील टिपणें ती मोबाइलवर घेऊं लागली. हप्ते मात्र दोन वर्षें चालू होते. दीड किलोचें, सहा-सात तास टिकणारें यंत्र तिला कमी पैशांत मिळालें असतें.

याला अपवाद आहेत. यंत्र किंवा स्थापत्य शाखेंत त्रिमिति-आरेखन करावें लागत असल्यास स्वतंत्र कार्डाची गरज पडूं शकते. विभागांतील प्राध्यापकांस आधीं विचारावें. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास टॅली लागणारच, आणि तिच्यासाठीं विंडोजचें यंत्र घेणें सोयीचें.

जुनें यंत्र घेणाऱ्यांस एक इशारा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला; आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारणतः आठव्या पिढीपासूनच्या, म्हणजे २०१७ नंतरच्या, प्रोसेसरवरच अधिकृतपणें चालते. त्याहून जुनें यंत्र कितीहि स्वस्त मिळालें तरी तें महागांतच पडतें.

शेवटीं, हमी घरपोंच आहे कीं यंत्र आपणच पोंचवावयाचें, हें विचारून घ्या. अधिकृत दुरुस्ती-केंद्र आपल्या गांवांत नसेल, तर साताऱ्याहून पुण्यास सुमारें ११० किलोमीटर, सांगलीहून कोल्हापुरास सुमारें ५० किलोमीटर जावें लागेल. आणि परीक्षेच्या आठवड्यांत तें अंतर फार लांब वाटतें.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं एक संध्याकाळ मुलाबरोबर बसा. तो रोज काय काम करणार, यंत्र कोठें वाहून नेणार आणि कोणते खेळ खेळणार, हें त्याच्याच हातानें कागदावर लिहून घ्या. खेळाचें नांव लपवावें लागलें नाहीं, म्हणजे मुलगाहि अभ्यासाची गरज फुगवून सांगत नाहीं. तो कागद खिशांत असला, कीं दुकानांतील छापांची भुरळ पडत नाहीं.